देवाच्या आधीचं ताट

मुरुडच्या अलीकडे आमची नारळाची वाडी आहे. तिच्या कोपऱ्यात उंडीच्या झाडाखाली एक दगड आहे, तो आमचा राखणदार. त्याला नाव नाही, नाक-डोळे नाहीत, आरती नाही. कुठल्या काळचा देव, कोणालाच ठाऊक नाही. पावसाच्या आधी वर्षातून एकदा तिथेच चूल मांडून त्याच्यासाठी कोंबडा शिजवायचा, आधी त्याला नैवेद्य दाखवायचा, मग सगळ्यांनी तिथेच बसून जेवायचं. त्याच्याआधी चमचा चाटायलाही बंदी. लहानपणी मी रश्शात बोट बुडवलं होतं, तर आईनं उलथन्याचा असा फटका दिला की अजून आठवतो.

यंदा धाकटा भाऊ पनवेलहून आला आणि चपला काढायच्या आधीच म्हणाला, "ताई, देवाला दाखवलेलं मी खाणार नाही. मूर्तीला वाहिलेलं आम्हाला वर्ज्य आहे."

दोन वर्षांपूर्वी तो मरता मरता वाचला. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसानं त्याच्यासाठी रोज प्रार्थना केली, आणि बरा झाल्यावर हा ख्रिस्ती झाला. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्या दिवशी डोकं फिरलंच.

"मूर्ती कुठे दिसते रे तुला? कोर्लई गावची ख्रिस्ती माणसं आजोबांच्या वेळेपासून आपल्याकडे या जेवणाला येतात, त्यांनी कधी असलं काही काढलं नाही. तू कालचा, आणि आम्हाला शिकवतोस?"

"शिकवत नाही गं. फक्त खाणार नाही."

किती शांतपणे बोलला! त्याचाच मला जास्त राग आला. दोन्ही पोरं एका पंगतीला बसतील म्हणून आई वर्षभर या एका जेवणाची वाट बघते.

आई चुलीपाशीच होती. तिनं टोपावरचं झाकण काढलं आणि त्याचं ताट वाढलं, तंगडीसकट.

"जेव," ती म्हणाली. "अजून दाखवलेलं न्हाय त्याला."

मी तोंड उघडलं, पण तिनं असं बघितलं की मिटलं. भावानं डोळे मिटून प्रार्थना केली आणि जेवायला लागला. आईनं काय केलं, ते त्याच्या गावीही नव्हतं.

मग ती नैवेद्य घेऊन दगडाकडे गेली. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे उभी होते. दरवर्षी ती वाडीसाठी मागणं मागते. यंदा नुसती वाकली.

"तुझ्याआधी वाढलं मी," ती म्हणाली. "पोराकडं बघू नको. काय राग काढायचा तो माझ्यावर काढ."

मागून भाऊ ओरडला, "आई, रस्सा झकास झालाय! अजून आहे का?"