तासगावची वाईन आणि आमचा माळा

वाईन म्हणजे नाशिक, एवढंच मला माहीत होतं. आणि तीही ऑफिसच्या पार्टीत प्लास्टिकच्या ग्लासात, वर बर्फ टाकून. त्यामुळे ऑफिसातली माझी तासगावकडची मैत्रीण होळीला गावी जाऊन आली आणि बॅगेतून एक बिनलेबलाची बाटली काढून माझ्या हातात दिली, तेव्हा मला वाटलं काकवी असेल.

वाईन होती. व्हाईट. तिच्या वडिलांनी आणि शेजारच्या दोन बागायतदारांनी मिळून केलेली. तिकडे द्राक्षं म्हणजे बेदाणे, पण या तिघांना दोन-तीन वर्षं हेच वेड लागलं होतं. आता परवान्याचंही होत आलं होतं आणि वडील तिच्या मागे लागले होते, की नोकरी सोड, विकायचं तू बघ.

"घरचे छानच म्हणणार गं," ती म्हणाली. "तू तुमच्या माशांच्या कालवणाबरोबर पी आणि खरं काय ते सांग. चांगली म्हणालीस तर राजीनामा टाकते मी."

आता आमच्या घरी मासे रोज, पण बाटली? आजोबा गिरणीत होते, पगाराच्या दिवशी ते कसे घरी यायचे ते आईने लग्न होऊन आल्या आल्या बघितलंय. त्यामुळे मी बाटली माळ्यावर लपवली, गणपतीच्या मखराच्या खोक्यात. भाद्रपदापर्यंत ते खोकं कोणी उघडत नाही.

मग रविवारी दुपारी पंख्याखाली पडलं की मी वर बघत बसायचे. वाटायचं, थर्माकोलच्या खांबांमध्ये, सोनेरी झालरीत गुंडाळून, एक अख्खी द्राक्षाची बाग झोपलीय आमच्या नाहूरच्या घरात. कुठेतरी उतारावरून वारा येतोय, वेलींखाली जाळीजाळीचं ऊन पडलंय. तासगाव मी कधी बघितलंही नव्हतं, पण डोळे मिटले की तिथे जायचे.

मे महिन्यात आई-बाबा गावी गेले. मी बांगड्याचं तिखलं केलं, बाटली काढली, बर्फ टाकला, स्टीलच्या पेल्यात ओतली. आणि यार, वाट लागली. रंग चहासारखा, वास शिजलेल्या बेदाण्यांचा, आणि चव अशी आंबट की जीभ आत ओढली गेली.

वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. ती गेली असती तर जेवायला मी कोणाबरोबर बसले असते?

सोमवारी तिला म्हटलं, ठीकठाक आहे गं, पण विकण्यासारखी नाही. ती डब्यातली भाकरी नुसती मोडत राहिली. मग म्हणाली, बरं झालं सांगितलंस, आबांना नाही म्हणून कळवते. शनिवारी तिच्या कांजूरमार्गच्या खोलीवर बोलावलं, म्हणे माझीही एक बाटली आहे, संपवून टाकू, डोळ्यासमोर नको.

तिने बाटली फ्रिजच्या दारातून काढली. चहाच्या काचेच्या ग्लासात ओतली, आणि खिडकीतून आलेलं ऊन त्यात शिरून तिथेच राहिलं. फिकट, जवळजवळ हिरवं. मी वास घेतला. कच्ची कैरी, ओली माती, आणि मागून कुठूनतरी पेरू. एक घोट घेतला आणि खोली जरा लांब गेल्यासारखी झाली. पंख्याचा आवाज, खालचा भाजीवाला, सगळं हळू. एवढं झकास काही मी प्यायलेच नव्हते.

ती अजून प्यायली नव्हती. ग्लास हातात धरून खिडकीबाहेर बघत होती. मला कळलं होतं काय झालंय ते. आमचा शेवटचा मजला, स्लॅब मार्चपासून तापतो, माळ्यावर तर भट्टीच. मी गप्प बसले असते तर तिला वाटलं असतं, हिला नाही आवडत, संपलं. ती इथेच राहिली असती.

"ऐक ना," मी म्हटलं. "मी तुमच्या वाईनची भाजी केली गं." आणि माळा, खोकं, दोन महिन्यांचा उकाडा, सगळं सांगून टाकलं. ती बिघडली म्हणून थोडं बरं वाटलं होतं, तेही.

ती खिडकीकडून माझ्याकडे वळली.

"गणपतीच्या खोक्यात?" तिने विचारलं. "फ्रिजमध्ये भाजीच्या पिशवीत गुंडाळून ठेवता आली नाही तुला?"

मग तिने स्वतःचा घोट घेतला, सावकाश, डोळे मिटून. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि तो माझ्यापासून लांब लांब जात होता, उतारावरच्या त्या बागेकडे.

"आता खरं सांग," ती डोळे न उघडता म्हणाली.

"जा तू," मी म्हटलं.

तिने फोन उचलला. "आबा, नोकरीचं ठरलं बघा," एवढंच मला ऐकू आलं, मग ती फोन घेऊन खिडकीपाशी गेली आणि गावाकडच्या बोलीत भरभर बोलायला लागली. मी ग्लासातलं ऊन हळूहळू पीत बसले.