रूपचंद डॉक्टरांनी शिवून घेतलेली पत्रावळ

सगळ्यांत आधी धावत आली ती शेजारची सुलोचना. पाहुणे तर अजून गाडीतून उतरतच होते. "प्रणालीले पाहाले आले काय वो?" तिनं माझ्या कानात विचारलं. तोवर सुनेनं प्रणालीला, माझ्या नातीला, नवी ओढणी घ्यायलाही लावली होती! निघाले दोघं डॉक्टर, आमच्या रूपचंद डॉक्टर साहेबांचे विद्यार्थी. साहेबांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, त्यांचा गौरवग्रंथ निघतो आहे, तुम्हीही लिहा म्हणाले. मी चौथीत शाळा सोडलेली. तरी लिहिते, कारण हा हात साहेबांनी राखला आहे.

साहेबांची पहिली भेट झाली तेव्हा बोटं माझं ऐकेनाशी झाली होती. जन्मभर पळसाच्या पानांच्या पत्रावळी शिवल्या, आणि आता काडी बोटांतून गळायची. चालताना चप्पल मागं राहायची, मला कळायचंही नाही. मान दुखायची म्हणून गावातला नस बसवणारा ती मोडून द्यायला तयार होता. प्रणालीनं मला दवाखान्यात नेलं.

साहेबांनी विचारलं, "हातात ताकद आहे ना, आजी?"

"हाय ना बापू, काऊन नसन?"

"मग बिघडलेल्या पत्रावळी कुठं लपवता?"

खाटेखाली लपवत होते, घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पानं आणि काड्या आणायला लावल्या. बाहेर रांग लागलेली, आणि साहेब माझ्यासमोर बसून नुसते बोटांकडे पाहत राहिले. दोन टाक्यांत पान फाटलं. मला रडू आलं. मग त्यांनी गुडघ्यावर हातोडी हलकेच मारली, तर पाय असा उडाला की त्यांच्याच टेबलाला लागला.

"पाहा, पायात किती जोर हाय!" मी म्हटलं.

"आजी, हा जोर चांगला नाही," साहेब म्हणाले. "मानेतून खाली येणारी नस दबली आहे."

मोठ्या मशीनच्या फोटोत दिसलं, मानेच्या मणक्यांत पाण्याची गाठ. मुलाला कळेना, तेव्हा साहेब आमच्या बोलीत बोलले, "वरचा पाट दबला, तं खालच्या धानाच्या बांधीले पाणी कसं पोचन?" गाठ ठेवली तर हातपाय जातील, काढतानाही धोका आहे, गेलेलं सगळं परत येईल असं वचन देत नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. मुलगा घाबरला. मी म्हटलं, "करा."

मानेच्या मागून उघडून साहेबांनी गाठ काढली. शुद्धीवर आले तर साहेब उशाशी उभे. "बोट हलवा, आजी." हललं! साहेबांनीच आधी डोळे पुसले. त्यांचे विद्यार्थी हे सांगणार नाहीत, म्हणून मी लिहिते.

पुढच्या तपासणीला त्यांनी पुन्हा पानं मागवली. पत्रावळ वाकडी झाली, पण फाटली नाही. ती त्यांनी आपल्या खोलीत, प्रमाणपत्रांच्या शेजारी टांगली. मी सगळ्या फुलचूर गावाला सांगितलं. सुलोचना खोटं समजून मुद्दाम पाहून आली!

करंगळी अजून बधिर आहे. अक्षर वाकडं आहे, पण माझ्या हातचं आहे. साहेब, माझं उरलेलं आयुष्यही तुम्हाला लागो, आणि तुमची मान कधी दुखू नये.

लेख न्यायला ते दोघं रविवारी येतो म्हणाले, साहेबांना घेऊन, जेवायलाच. तिघांसाठी तीन पत्रावळी शिवून ठेवल्या आहेत. खाटेखाली एकही नाही.