मधलं पाणी

शाळेतून निवृत्त झाल्यावर आम्ही तिघी शिक्षिका दर रविवारी गावच्या नदीचं पाणी तपासू लागलो. तळाशी औषध असलेल्या छोट्या बाटल्या मिळायच्या. पाण्यात मैला असेल तर दोन दिवसांत त्या काळ्या पडत. काठाचं पाणी चालत नाही, मधलं लागतं, आणि आम्हा तिघींनाही पोहता येत नव्हतं. गावातला एक मासे धरणारा माणूस ट्रकच्या ट्यूबवर बसून बाटल्या भरून आणायचा. वर्षभरात त्याने एकही रविवार चुकवला नाही. “आपलंच पानी हाय की, बाई,” एवढंच म्हणायचा.

बाटल्या काळ्याच पडत गेल्या. वरच्या गावाचं गटार सरळ नदीत येत होतं. आम्ही अर्ज दिले. कोणी फिरकलं नाही. शेवटी एका वार्ताहराला बोलावलं. फोटोसाठी मीच त्या माणसाला पुढे उभं केलं आणि त्याच्या हातात काळी बाटली दिली. नदीतला माणूस पुढे असला की बातमी उठून दिसेल, हे माझं डोकं.

बातमी उठून दिसली. गटार होतं तसंच राहिलं. त्याच पाण्यावरची मेथी-कोथिंबीर लोक बिनघोर घेत राहिले, कारण भाजीवाल्यांचा फोटो छापून आला नव्हता. काष्टीच्या बाजारात फोटोतल्या माणसाची बायको मासे घेऊन बसली की बायका तिला ओळखून पुढे जायच्या. एकीने तर पदर नाकाला लावला.

पुढच्याच महिन्यात नगरला आमचा सत्कार झाला. त्यालाही शाल मिळाली. परतताना बसमध्ये तो हळूच म्हणाला, की मासे चांगले आहेत असं पेपरात एकदा लिहून द्या. मी त्याला समजावलं, की आपण मासे तपासलेले नाहीत. न तपासता लिहिणं म्हणजे खोटं. वर्गातल्या मुलाला सांगावं तसं सांगितलं. तो मान हलवत राहिला, आणि रविवारी पुन्हा ट्यूब घेऊन आला.

दिवाळीआधी जाळी विकून दोघं नवराबायको शेवगावला तिच्या भावाकडे निघाले. तिथे बाजार समितीत हमाली मिळणार होती. निघताना ती माझ्या दारात आली. मी आत बोलावलं, तर उंबऱ्याबाहेरच थांबली. मी गटाराचं, अर्जांचं सांगू लागले.

“ते ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “पयली बाटली काळी पडली, तवापासनं तुमी आमचं मासं घेतलं न्हाई. तवाच सांगायचं हुतं, बाई.”

खरं होतं. डॉक्टरांनी मासे बंद केलेत, अशी थाप मीच मारली होती. काळ्या बाटल्या हाताळताना आम्ही तिघी हातमोजे घालायचो. कमरेपर्यंत त्या पाण्यात बसणाऱ्यासाठी एक जोड आणावा, हे कधी सुचलं नाही.

आता आम्ही गावच्या जुन्याच पुलावर उभं राहून दोरीने बाटली सोडतो. मधलं पाणी सहज मिळतं.