फणसाखालची मिरवेल

लग्न होऊन आले तेव्हा परसातला फणसाखालचा तुकडा माझ्या वाट्याला आला. कुणी दिला असं नाही. कुणालाच नको होता, एवढंच. सासूबाई म्हणायच्या, "थंय सगळी सावली. थंय कायएक जगाचा नाय." मला हसू यायचं. माझं माहेर दोडामार्गाकडचं, पोफळीच्या बागेतलं. सावलीत काय जगतं हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

न्हाणीचं पाणी तिकडे वळवलं, गळल्या पानांचा पातेरा कुजवून पसरला, अळू आणि आलं लावलं. अळू असं माजलं की गणपतीत वाडीतल्या बायका पानं मागायला माझ्याकडे येऊ लागल्या. पण माझा जीव होता मिरवेलीत. तिचं खोड माहेरून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं आणि फणसाच्या बुंध्यावरच चढवलं. माहेरून नेलेल्या वेलीची पहिली मिरी आईला पाठवायची, अशी आमच्या घरची रीत. आईने बजावलंही होतं, "ती येयसर वेल जगली म्हणू नको."

बरेच पावसाळे वेल नुसती चढत राहिली. मग एका वर्षी घोस लटकले. मिरी अजून हिरवीच होती, तोच मार्गशीर्षात आमचे हे आपणहून म्हणाले, "माहेराक जावन ये गो. जीवाक बरा वाटात." एस्टी नुकतीच फाट्यापर्यंत यायला लागली होती; तिथवर माझी पिशवीही त्यांनीच धरली. माहेरी मी नवऱ्याचं कौतुक सांगून सांगून सगळ्यांचे कान किटवले. आईला म्हटलं, पुढच्या खेपेला मिरी घेऊनच येते.

परत येऊन परसात पाऊल टाकलं आणि डोळे दिपले. तिथे कधी ऊनच नसायचं. फणस नव्हता. अळू करपून जमिनीला टेकलं होतं आणि वेलीचे तुकडे जळणाच्या ढिगात पडले होते. वाळल्या घोसातली मिरी चोळून पाहिली, पोकळ निघाली. पुढे पडवीत सुतार फळ्या तासत होता. धाकट्या दिराचं लग्न ठरलेलं, नव्या खोलीला दार हवं होतं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, माझ्याखेरीज.

"माका इचारूक नाय?" मी एवढंच म्हटलं.

"तुका इचारून तू होय म्हणतलंस काय?" हे म्हणाले. मग उजेडाकडे हात करून, समजूत घातल्यासारखे, "आता बघ, कितको उजेड! आता व्हया ता लाव."

राग फणसाचा आला त्याहून जास्त त्या पिशवीचा आला. त्यानंतर यांनी प्रेमाने काही म्हटलं की मी आधी परसात नजर टाकून यायची. आई विचारत राहिली, मिरी कधी धाडतंस, आणि मी सांगत राहिले, यंदा धरली नाही. ती गेली तोवर माझी वेल तिच्या लेखी जगलीच नव्हती.

दार मात्र चांगलं झालं. पाहुणे लाकडावर हात फिरवून विचारतात, कुठला फणस? तेव्हा हे मोठ्या अभिमानाने माझ्याकडे बोट दाखवतात, "हिचो."