भिंगारदिवेकाकांची निळी नदी

भिंगारदिवेकाकांना उत्साह चढला की त्यांचा आवाज फोनमध्ये मावत नाही. त्या दिवशी मी शाळेच्या ऑफिसात होते. फोन कानापासून हातभर लांब धरला होता, तरी समोर दाखल्यासाठी उभ्या असलेल्या बाईंनाही सगळं ऐकू गेलं.

"संध्या, सापडले! आपल्यासारखेच लोक सापडले!"

"कोण सापडले, काका?"

"स्वीडिश!"

आता दुबईच्या करामा भागात राहणाऱ्या नगरी माणसाला स्वीडिश लोक कशाला हवे होते, ते सांगते. चंद्रहास भिंगारदिवे, वय एकसष्ट, एसीचे पत्र्याचे डक्ट बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये फोरमन. तीस वर्षं पत्र्याच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलल्यामुळे हळू बोलणं त्यांच्या गावीच नाही. वडील नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती कीर्तनकार. आमच्याकडे येशूची गोष्ट पेटी, तबला आणि चिपळ्यांवर सांगायची जुनी रीत आहे. पहिल्यांदा बघणारा चकित होतो आणि दहा मिनिटांत मान डोलवायला लागतो. ती रीत काकांच्या अंगात मुरलेली. दुबईतल्या आमच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चच्या मराठी गटात, वर्षातून दोनदा त्यांचं कीर्तन व्हायचं आणि तेवढ्यासाठी दीड तासावरच्या अल ऐनहून लोक गाडी हाकत यायचे.

पण मंडळीत वाद पेटला होता. चर्चच्या आवारात आम्हाला रविवारी चार ते सव्वापाच एक हॉल मिळतो. सव्वापाचला तेलुगू मंडळी दारात हजर. त्या सव्वा तासात आम्ही मराठीत उपासना करायचो आणि आमची पोरं बाहेर पायरीवर बसून मोबाईल खेळायची, कारण त्यांना ओ का ठो कळत नव्हतं. तेव्हा उपासना यापुढे इंग्रजीत करावी, असा ठराव आला. तो मांडला मीच. मंडळीची सेक्रेटरी मी, आणि पायरीवरच्या पोरांत माझेही दोन होते.

काका खवळले. "इंग्रजीत देव ऐकतो, मान्य. पण मी बोलू काय त्याच्याशी? हाऊ आर यू?"

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. उपासना इंग्रजीत गेली तर त्यांचं कीर्तन संपलं, आणि कीर्तनाशिवाय त्या हॉलमध्ये ते नुसते पत्रेवाले फोरमन होते. त्यातही दुखरी जागा म्हणजे त्यांची नात शिवानी. लेक डिस्कव्हरी गार्डन्सला राहते, हॉलपासून दहा मिनिटांवर, पण अकरा वर्षांची शिवानी वर्षभरात एकदाही आली नव्हती. "आजोबा शाऊट्स अँड आय डोन्ट गेट इट," हे तिचं कारण.

तर त्याच दिवसांत आवारातल्या कुठल्याशा मंडळीने जुनी पुस्तकं खोक्यात भरून बाहेर ठेवली होती, कोणीही न्या म्हणून. काकांनी त्यातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक उचललं. अमेरिकेत गेलेल्या स्वीडिश लोकांनी एक बॅप्टिस्ट संघ काढला, त्याचा इतिहास. मोबाईलवर शब्दांचे अर्थ बघत काका मेट्रोत रोज तीन पानं वाचायला लागले आणि वाचता वाचता पेटले. परदेशात राबणारी माणसं, स्वतःच्या भाषेत प्रार्थना, स्वतःच्या भाषेत गाणी, स्वतःच्या भाषेचं वर्तमानपत्रसुद्धा!

"मतदानाआधी माझं कीर्तन ठेव," त्यांनी फोनवर हुकूम सोडला. "विषय लिही, 'भाषा राखणारी माणसं'. मग बघू तुझ्या ठरावाला कोण हात वर करतो ते. यल्ला, चल, लाव ग्रुपवर!"

मी लावलं. आणि खोटं कशाला बोलू, त्याच रात्री नेटवर त्या स्वीडिश लोकांची पुढची हकिगत शोधली. वाचली आणि उडालेच. मुलं इंग्रजीत वाढली, तेव्हा त्या संघाने हळूहळू स्वीडिश सोडली होती. १९४५ साली तर नावातला 'स्वीडिश' हा शब्दही काढून टाकला. काकांनी अर्धं पुस्तक वाचून पूर्ण कीर्तन जाहीर केलं होतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसं झालं होतं.

शुक्रवारी मी फोन केला. "काका, पुस्तक कुठवर आलं?"

"अठराशे एकोणऐंशी. पसरलेल्या सगळ्या मंडळ्या एकत्र आल्या. बास, तिथेच माझं कीर्तन संपतं."

"शेवटची पानं वाचा एकदा."

"का?"

"वाचा तर."

त्यानंतर त्यांचा फोन नाही, मेसेज नाही. मी मात्र मनात ठरवून ठेवलं, काका एकोणऐंशीला थांबले तर उभी राहून पुढचं सांगायचं. जिंकायची खुमखुमी होती मला, दुसरं काही नाही.

रविवारी हॉल खचाखच भरला. काका इस्त्रीच्या शर्टावर फेटा बांधून आले. मागे संपदाकाकू, हातात घडी घातलेली निळी साडी. लेकीने शिवानीला ओढतच आणलं होतं. ती शेवटच्या रांगेत मोबाईल काढून बसली. मंडळीतल्या तबलजी रुपेशने तबला ठोकून बघितला आणि काकांनी चिपळ्या वाजवल्या.

काय रंगवलं हो त्यांनी! "स्वीडन म्हणजे काय? नगरला कधी पडला नाही आणि दुबईत फक्त मॉलमध्ये पडतो, असा बर्फ तिथे दारात!" हशा. तिथे सरकारचं एकच चर्च, तान्ह्या बाळाला तिथेच बाप्तिस्मा द्यायचा, असा नियम. काही माणसं म्हणाली, आम्ही मोठे झाल्यावर, समजून उमजून, पाण्यात पूर्ण बुडून घेऊ. मग दंड झाले, तुरुंग झाला, एकाला तर देशाबाहेर काढलं. पण कोणी वाकलं नाही. आणि मग १८५२, अमेरिका, मिसिसिपी नदी!

इथे काकूंनी साडी उलगडली. दोन टोकांना दोन बायका, मधे निळी नदी हलायला लागली. काकांनी पायरीवरची तीन पोरं ओढून आणली आणि एकेकाला त्या साडीखालून बुडवून काढलं. "तिघंच होते पहिल्या दिवशी! फक्त तिघं!" रुपेशने लय वाढवली आणि काकांनी स्वतः रचलेलं पद धरलं,

"मोठी नदी, नवे गाव,
तिघांच्या मुखी एकच नाव!"

तिसऱ्या फेरीला अख्खा हॉल म्हणायला लागला. माझे दोन्ही दिवटे पायरी सोडून आत आले, खुर्चीवर चढले. मी टाळ्या पिटत होते. कसला ठराव नि कसलं काय, विसरलेच होते.

आणि १८७९ आलं. मंडळ्या एकत्र आल्या. काकांनी तबला थांबवला, पाण्याचा घोट घेतला आणि थेट माझ्याकडे बघितलं.

"मंडळी, इथे थांबलो तर टाळ्या मिळतील," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हळू बोलताना ऐकलं. "पण अर्धी गोष्ट सांगणारा कीर्तनकार नव्हे, असं माझे वडील म्हणायचे. पुढची पानं मी काल पहाटे वाचली. राग आला. पुस्तक आपटलं. मग परत उचललं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. आजोबा स्वीडिशमध्ये प्रार्थना करायचे आणि नातवंडं खिडकीबाहेर बघायची. म्हाताऱ्यांनी वर्षानुवर्षं वाद घातला, रुसले, रडले. आणि शेवटी आपली भाषा आपल्याच हाताने बाजूला ठेवली.

"तुरुंगाला भ्याली नाहीत ती ही माणसं," काका म्हणाले. "दंडापुढे वाकली नाहीत. पण नातवंडांपुढे वाकली. मी शोधत होतो भाषा राखणारी माणसं. ही माणसं पोरं राखणारी निघाली." शेवटच्या रांगेकडे न बघता त्यांनी चिपळ्या खाली ठेवल्या. "विषय चुकला माझा. माफ करा."

मंडळीच्या धर्मगुरूंनी, आमच्या पाळकांनी, लगेच मतदान घेतलं. घड्याळात पाच वाजले होते. इंग्रजीच्या बाजूने पहिला हात वर झाला तो भिंगारदिवेकाकांचा. तो हात पाहून माझ्या डोळ्यांना धार लागली, कोणाला कळलं त्याची मला पर्वा नव्हती. तशीच मोजत सुटले.

"इंग्रजीसाठी एकवीस. विरोधात अकरा."

"बत्तीसच होतात, संध्या," पाळक म्हणाले. "मत देणारे आपण तेहतीस आहोत."

मी माझा हात कुठे वर केला होता?

"विरोधात बारा," मी म्हटलं.

काका फेटा सोडता सोडता खदखदून हसले. "अगं वेडे, ठराव तुझाच ना? खलास, पास झाला! आता कुठे पलटतेस!"

सव्वापाच झाले. तेलुगू मंडळी दारात उभी होती. आम्ही खुर्च्या सरळ केल्या आणि बाहेर पार्किंगमध्ये आलो. काकू साडीची घडी घालत होत्या. काका चिपळ्या पिशवीत टाकून नाक्याकडच्या बसचा विचार करत उभे होते. एवढ्यात शिवानी धावत आली आणि तिने साडीचं टोक धरून ओढलं.

"आजोबा, यू टूक ओन्ली थ्री किड्स. मी नाही गेले रिव्हरमध्ये."

"गोष्ट संपली गं, बाळा."

"नो! डू इट अगेन. मोठी नदी... देन व्हॉट?"

तीस वर्षं पत्र्यावर ओरडणाऱ्या माणसाचा आवाज पुन्हा हळू झाला.

"नवे गाव," ते कसेबसे म्हणाले.

"नवे गाव!" शिवानी ओरडली. आवाज थेट आजोबांचा. मागून माझे दोघे धावले, मग पायरीवरची बाकीची सगळी. काकूंनी घडी मोडली. रुपेशने तबला गाडीत चढवला होता, त्याने बॉनेटवरच ठेका धरला. साडीचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं, म्हणून ते मी धरलं. आणि काकांनी चिपळ्या परत बाहेर काढल्या.