साखराबाईला गाडी लागायची

धावड्याच्या साखराबाईने जेवढी पायपीट केली, तेवढी गावात दुसऱ्या कुणी केली नसेल. ती लग्न होऊन आली तेव्हा घरी दीडशे मेंढरं होती. दिवाळी सरली की बिऱ्हाड घोड्यावर लादायचं, अजिंठ्याचा डोंगर उतरायचा आणि खानदेशात जिथं चारा दिसेल तिथं मुक्काम टाकायचा. डोक्यावर पाटी, काखेत पोर, अशी ती वीस वर्षं चालली. पण याच बाईला एसटीत बसवलं, की भोकरदन येईस्तोवर चेहरा पांढराफटक पडायचा. डिझेलचा वास आला की उमासे, पहिल्या वळणाला ओकारी, आणि उतरल्यावर दोन तास डोकं धरून बसणं.

पुढं मेंढरं विकली. थोडी शेती आणि आठ-दहा शेळ्या राहिल्या, मुलाचं लग्न होऊन घरात सून आली. गाडी लागायची ती मात्र लागायचीच. मुलगी तृप्ती वाटूरला दिली होती. सात वर्षांत साखराबाई तिच्या घरी एकदाच गेली, नातवाच्या बारशाला. तेव्हा आख्खा दिवस ती गोधडीत पडून होती आणि पाळण्याची गाणी तिनं भिंतीपलीकडून ऐकली. घरी आल्यावर तिनं ठरवूनच टाकलं, की पायानं जाता येईल तेवढंच आपलं जग.

एप्रिलमध्ये बचत गटाच्या बैठकीत अध्यक्ष नंदाबाई म्हणाली, "मे महिन्यात आपली सहल. श्रीवर्धनला. समुद्र पाह्यला. कोण कोण येतंय?"

साखराबाईचा हात वर गेला. तो कधी गेला हे तिलाही कळलं नाही. सगळ्या बाया तिच्याकडं बघायला लागल्या, तसा तिनं तो आणखी ताठ केला.

घरी तिचा नवरा त्रिंबक शेळ्यांना पाणी दाखवत होता. ऐकून तो हसलाच. "भोकरदन झेपत न्हाई, अन् समुद्राला निघाली?"

"पाहू मंग," साखराबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती गावच्या आरोग्य उपकेंद्रात गेली. तिथल्या प्रांजली सिस्टर दर महिन्याला तिचं बीपी तपासायच्या. वय पंचविशीचं, पण बोलणं ठाम. साखराबाईने सगळं सांगितलं.

"मावशी, हा काही तुमचा दोष नाही," सिस्टर म्हणाल्या. "गाडीत डोळ्यांना एक दिसतं आणि कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या भागाला दुसरंच जाणवतं. दोघांचं जुळत नाही, म्हणून मळमळतं. यावर गोळी असते."

"गोळी? अन् मला आत्ता सांगून राह्यली?"

"तुम्ही कधी विचारलंच नाही. गुडघ्याचं विचारता, बीपीचं विचारता."

साखराबाईने कपाळाला हात लावला. पस्तीस वर्षं आपण जे नशीब म्हणून सोसलं, त्यावर गोळी होती! तिला राग यावा की हसू, हेच कळेना. सिस्टरांनी डॉक्टरांना व्हिडिओवर तिचं वय आणि बीपीची गोळी सांगितली, ही गोळी तिला चालते का ते विचारून घेतलं आणि मग बजावलं, "गाडी सुटायच्या तासभर आधी घ्यायची. झोप आली तर घाबरू नका. पुढं बसा, नजर लांब ठेवा. पोट रिकामं नको, गच्च भरलेलंही नको."

पण समुद्र गाठायच्या आधी गोळीची परीक्षा घ्यायची, असं साखराबाईने ठरवलं. ती भोकरदनच्या एसटीत चढली. आणि जे दरवेळी व्हायचं तेच झालं. दुपारी उतरल्या चेहऱ्यानं ती उपकेंद्राच्या दारात उभी राहिली.

"तुझी गोळी बिलकुल खोटी हाय."

"कधी घेतली होती?"

"बस येताना दिसली तवा."

सिस्टर हसल्या. "आणि बसला कुठं?"

"मागं. जागा तिथंच होती."

चार दिवसांनी दुसरी परीक्षा, राजूरपर्यंत. या वेळी तिनं अर्धी भाकर खाल्ली, गोळी घेतली आणि पारावर बसून तासभर वाट पाहिली. पहिली गाडी गर्दीची आली, ती सोडून दिली. दुसऱ्या गाडीत ड्रायव्हरच्या मागची खिडकी मिळाली. नजर तिनं लांबच्या झाडांवर रोवली. भोकरदन आलं. ती उमाशाची वाट बघत होती, तो काही आला नाही. सुनेला सोबत आणलं नव्हतं, म्हणून बोलायलाही कुणी नव्हतं. नाहीतर तिनं ओरडून सांगितलं असतं. राजूरच्या गणपतीचं शिखर दिसलं तसे तिनं हात जोडले.

"मावशी, राजूर आलं," कंडक्टर म्हणाला.

साखराबाई जागची हलली नाही. "जालन्याचं तिकीट दे," ती म्हणाली.

जालन्याच्या स्टँडवर ती उतरली, तेव्हा पाय जमिनीवर नीट टेकत होते. डोकं जाग्यावर होतं. भूक लागली होती! समोर मंठ्याची गाडी उभी होती. ती वाटूर फाट्यावरून जाते हे तिला ठाऊक होतं. तिनं एकदा परतीच्या गाडीकडं पाहिलं, एकदा मंठ्याच्या. आणि पदर खोचून ती मंठ्याच्या गाडीत चढली.

तृप्ती अंगणात ज्वारी पाखडत होती. दारात आईला बघून तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"माय? कुणी आणून सोडलं तुला?"

"एसटीनं."

"मळमळून नाही राह्यलं?"

"आधी जेवाया वाढ," साखराबाई म्हणाली आणि नातवाला तिनं मांडीवर ओढून घेतलं. दोन भाकरी, वांग्याची भाजी, वर ठेचा. तृप्ती रडत होती आणि वाढत होती. मग साखराबाईने घरी फोन लावला.

"कुठं हाय तू?" त्रिंबकनं विचारलं. "पोरगं राजूरपर्यंत शोधून आलं."

"वाटूरला. तृप्तीकडं. मुक्कामाला आले."

मग त्रिंबक म्हणाला, "चालत गेल्ती का काय?"

त्या दिवसापासून साखराबाईच्या अंगात वारं शिरलं. तिनं सिस्टरांना गटाच्या बायांसमोर बोलायला बसवलं आणि ऐकलेलं सगळं घरोघर जाऊन परत सांगितलं. रोजच्या गोळ्या सहलीच्या दिवसांपेक्षा चार दिवस जास्तीच्या घ्या, आणि गाडीच्या टपावर नाही, जवळच्या पिशवीत ठेवा. गोळ्यांची नावं कागदावर लिहून घ्या. ओआरएसची पुडी अख्खी एक लिटर पाण्यात टाका, थोडी थोडी नाही. शुगर असलेल्या मीनानं सहलीसाठी नवीकोरी चप्पल आणली होती. साखराबाईने ती महिनाभर शेतात वापरायला लावली. "फोड आला तर तुला बरा व्हाया टाइम लागंल," म्हणाली. उन्हासाठी कुणी खिशात कांदा ठेवायचं म्हटलं, तर तिचं उत्तर तयार असायचं, "ठेव की. जेवताना खा. पण पाणी पीत राह्य."

फक्त नंदाबाईने ऐकलं नाही. "मला काय होतंय?" एवढंच ती म्हणायची.

निघायच्या दिवशी पहाटे सगळ्यांच्या आधी साखराबाई गाडीपाशी हजर. ड्रायव्हर राजानंद काच पुसत होता, त्याच्याशेजारची जागा तिनं आधीच सांगून ठेवली होती. पहिला मुक्काम आळंदीला झाला. दुसऱ्या सकाळी ताम्हिणीचा घाट लागला. वळणामागून वळण, खाली दरी. साखराबाई मजेत होती. तेवढ्यात मागून नंदाबाईचा आवाज आला, "राजानंद, थांबव रे, जल्दी!"

नंदाबाई रस्त्याच्या कडेला वाकून बसली. घामानं चिंब झालेली. साखराबाईने तिचं कपाळ धरलं, चूळ भरायला पाणी दिलं. मग दोघी गाडीपाशी आल्या आणि साखराबाई क्षणभर थांबली. अर्धा घाट अजून बाकी होता. तिनं पुढचं दार उघडलं.

"तू बस इथं. नजर लांब ठेव."

"अन् तू?"

"मी गोळी घेतली हाय."

ती मागच्या बाकावर जाऊन बसली. पदराचं टोक मुठीत धरून तिनं काचेतून लांबचा डोंगर पकडला आणि सोडला नाही. पोटात एकदा ढवळल्यासारखं झालं, तिनं लांब श्वास घेतला आणि ते शमलं. घाट उतरून गाडी माणगावला थांबली, तेव्हा सगळ्यात आधी खाली उडी मारली ती साखराबाईने. "उतरला घाट!" ती ओरडली, आणि हॉटेलवाला बाहेर बघायला आला.

दुपार कलल्यावर गाडी श्रीवर्धनच्या किनाऱ्याला लागली. सुरूच्या झाडांमधून ते निळं दिसलं आणि बाया भराभर खाली उतरल्या. साखराबाईने चपला हातात घेतल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि सरळ पाण्यात शिरली. पहिली लाट घोट्याला आली. दुसऱ्या लाटेनं तिला बसवलंच. तोंडात खारं पाणी गेलं, ती खोकली आणि खदखदून हसली.

"लई पुढं जाऊ नको!" नंदाबाई वाळूतून ओरडली. तिला आता बरं वाटत होतं. "चल, चहा घ्याया!"

"थांब," साखराबाई म्हणाली. "ती मोठी लाट येऊन राह्यली, तेवढी येऊ दे."