वांगी संपली की जहाज

माझ्या नवऱ्याला बोट लागते. तलावातली, पायाने पॅडल मारायचीसुद्धा. त्यामुळे जहाजाने बेटांवर फिरायला जायचं माझ्या डोक्यात आलं तेव्हा त्याने मोठ्या मनाने मला एकटीला मोकळीक देऊन टाकली. मी तिथल्या तिथे ठरवलं की एकटीने नाही जायचं, वहिनीला घेऊन जायचं.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा मी दोन वेण्यांची, आई नसलेली, महाहट्टी मुलगी होते. तिने मला वाढवलं. समुद्रपूरच्या बाजारात तिने विकलेल्या वांग्यांवर माझं कॉलेज झालं आणि वर्ध्याला नोकरी लागली. ती आणि दादा अजूनही समुद्रपूरजवळच्या आमच्या गावात भाजीच पिकवतात. (समुद्रपूर आणि समुद्र यावरचा विनोद तालुक्यातल्या प्रत्येकाचा एकदा करून झालेला आहे. मी करत नाही.) इतक्या वर्षांत वहिनी निव्वळ फिरायला म्हणून कुठे गेलेली मला आठवत नाही. आता तिचे गुडघे कुरकुरायला लागलेत. आत्ता नेलं नाही तर राहूनच जाईल, ही धास्ती मला लागली होती.

मे महिना होता. कूलरसमोर बसून मी दोघांना मोबाइलवर जाहिरात दाखवली. निळं पाणी, पांढरी वाळू, वाकलेली नारळाची झाडं, आणि खाली लिहिलेलं, उबदार उन्हात न्हाऊन निघा. दादाने चष्मा लावून ते मोठ्याने वाचलं. बाहेर असं ऊन होतं की अंगणात काढलेली चप्पल पायात घालवत नव्हती.

"उन्हासाठी लोकं पैसे देऊन राह्यले?" दादा म्हणाला. "त्याहिले म्हना, आमच्या गच्चीवर येजा. वरून चहा बी पाजतो."

समुद्राचं ऊन वेगळं असतं, वारा असतो, शिवाय आपण मार्चमध्ये जाणार, असं मी खूप समजावलं. दादाने ऐकून घेतलं आणि मग खरा मुद्दा काढला.

"सैपाकाले जहाज कुठं थांबवतेत?"

आमच्याकडे हा प्रश्न अगदी रास्त आहे. आमच्या गावातून लांबचा प्रवास म्हणजे यात्रेची बस. टपावर शेगडी, पातेली, पिठाचे डबे, सोबत ठरवलेला आचारी, आणि बरंसं झाड दिसलं की बस थांबवून चूल मांडायची. बातमी गावात फुटली तशा शेजारणी आपापला वाटा सांगून गेल्या. एकीने तुरीची डाळ कबूल केली, दुसरीने तिखट. तिसरी थेट आचाऱ्याला गाठून आली. पाण्यावर भट्टी लावायची सवय नाही, पण पाहतो, असं तो म्हणाल्याचं मला वर्ध्याला फोन करून कळवण्यात आलं. मी कपाळावर हात मारून घेतला. जहाजावर जेवण आयतं मिळतं, हे पटवण्यात माझा अख्खा जून गेला.

वहिनी या धामधुमीत कुठेच नव्हती. ती नाही म्हणत नव्हती आणि हो तर त्याहून म्हणत नव्हती. नुसती कारणं काढत होती. मेथी आहे, सांभार (म्हणजे कोथिंबीर) आहे, वांगी तोडायची आहेत. मी म्हटलं, मार्चमध्ये वांगी संपतात, मग निघू. तर म्हणाली, म्हैस आहे. मी म्हटलं, म्हैस दादा पाहील. तर म्हणाली, म्हशीला दादा चालत नाही. शेवटी माझं डोकं फिरलं.

"काऊन व वहिनी, खरं सांग, तुले यायचंच नाई का?"

"तिथं आपलं हाये कोन?" ती म्हणाली.

मला काही उमगेना. मग मीच अडाणी असल्यासारखं तिने मला समजावलं. "मानूस गावाले जाते ते लगनाले जाते, मयतीले जाते, नाईतर देवाले जाते. तिथं कोनाचं लगन हाये? देव कोनता हाये? अन् भाजी नेली त देऊ कोनाच्या हाती?"

शेवटचा प्रश्न खरोखर अवघड होता. वहिनी आजवर कुणाच्या दारात रिकाम्या हाताने उभी राहिलेली नाही. ती वर्ध्याला येते तेव्हा ऑटोवाले पिशव्या पाहून विचारतात, मावशी, दुकान लावता काय? तशी तिची ठिकाणंही मोजकीच. समुद्रपूरचा बाजार, वर्ध्याला मी, आणि गिरडच्या पलीकडे तिचं माहेर. लहानपणी मी तिच्यासोबत तिकडे जायची. एस्टीच्या खिडकीतून टेकडीवरचा दर्गा दिसला की ती हात जोडायची, पदर सारखा करायची आणि खालची पिशवी उचलून मांडीवर घ्यायची. अजून बराच रस्ता बाकी असायचा, पण ती बसल्या जागी पोचलेली असायची. पुढे तिचे आईवडील गेले, भाऊ शेत विकून नागपूरला गेला आणि घराला कुलूप लागलं. तिने तिकडे जाणं सोडलं.

दिवाळीत भाऊबीजेला मी नेहमीप्रमाणे माहेरी गेले, म्हणजे वहिनीकडेच. माहेरी माझे लाड असतात. ताट वाढून समोर येतं, उठायला गेलं की खाली बसवतात, सकाळचा चहा पिऊन पुन्हा पांघरूण ओढलं तरी कुणी काही म्हणत नाही. त्या खेपेला मात्र मी रुसलेली होते. जहाजात दोघींची नावं नोंदवून ठेवली होती, ती आता रद्द करायची असं मनाशी ठरवून टाकलं होतं. निघायच्या दिवशी वहिनीने ओटी भरायला पाटावर बसवलं. मी पदर पसरला आणि तोंड शिवून बसले.

हळदीकुंकू लावता लावता तिनेच काढलं. "जहाजात सैपाक कोन करते?"

"त्याहिचे आचारी."

"अन् भांडे?"

"तेच घासतेत."

"मंग बाया काय करतेत?"

"काईच नाई. पान्याकडं पाह्यतेत."

"सकायी कोनी उठवत नाई?"

"नाई व. दुपारलोक झोपजो."

तिने ओंजळीतले तांदूळ माझ्या पदरात सोडले आणि हात तसाच राहू दिला. "म्हंजे माहेरच म्हन ना," ती म्हणाली. "पह्यले काऊन नाई सांगतलं?"

मला एकदम रडू आलं. ती म्हणाली, "ओटीत रडू नको, तांदूळ भिजतेत," आणि वर नारळ ठेवून मोकळी झाली.

त्यानंतर बेत माझ्या हातात राहिलाच नाही. कुठे चालली विचारलं की वहिनी बाजारभर सांगू लागली, माहेरी. बाया चक्रावल्या. कोणत्या गावाला विचारलं तर म्हणायची, पान्यात हाये. दादा थोडा फुरंगटला, पण कामाला लागला. गेले काही दिवस तो वहिनीचं लुगडं डोक्यावरून घेऊन म्हशीची धार काढायला शिकतो आहे. म्हशीची फसवणूक निम्मीच झाली आहे. ती दूध देते, पण मान वळवून त्याच्याकडे पाहत राहते.

वांगी संपली. उद्या आम्ही निघतो. शेवटच्या तोड्याची वांगी वहिनीने पिशवीत बांधून घेतली आहेत, जहाजातल्या आचाऱ्याच्या हाती द्यायला. माहेरी कुणी रिकाम्या हाताने जात नाही.

माझ्या बॅगेत, कपड्यांच्या तळाशी, मी एक साडी, ब्लाऊज पीस आणि तांदळाची पुरचुंडी ठेवली आहे. तिला सांगितलेलं नाही. परत निघताना तिची ओटी कुणीतरी भरायला हवी ना! नारळ तेवढा घेतला नाही. तो तिथे मिळेल.